दुरुस्तीची विद्या आणि बदलीचा धंदा

तालुक्याच्या एखाद्या कचेरीतील संगणक दर अर्ध्या तासाने आपोआप बंद पडून पुन्हा सुरू होऊ लागतो. दाखल्यांसाठी आलेल्या माणसांची रांग व्हरांड्याबाहेर जाते. देखभालीचे कंत्राट ज्या कंपनीकडे आहे तिला कळविले जाते. ती आपल्या उपकंत्राटदाराला कळविते. आणि तिसऱ्या दिवशी पाठीवर पिशवी टाकलेला एक तरुण मोटारसायकलवरून येतो. पाच मिनिटे यंत्राकडे पाहून तो निर्णय देतो, ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ फॉरमॅट मारला जातो. त्याबरोबर दोन वर्षांच्या नोंदीही जातात, कारण त्यांची प्रत काढून ठेवण्याचे कोणालाच सुचलेले नसते. आठ दिवसांनी यंत्र पुन्हा बंद पडते. मग ‘बोर्ड गेला’ असे निदान होते. नवा बोर्ड येतो, त्याचे बिल होते, आणि तरीही यंत्र बंद पडतच राहते. शेवटी कधीतरी उघडकीस येते की, ज्या सॉकेटमधून विजेचा पुरवठा होत होता त्यातील एक तार सैल झालेली होती.

हा प्रसंग कोणत्याही एका कचेरीचा नाही. शाळा, ग्रामपंचायत, पतपेढी, दवाखाना, छापखाना अशा शेकडो ठिकाणी तो थोड्याफार फरकाने घडत असतो. अशा वेळी सगळा राग त्या तरुणावर निघतो. ‘याला काही येत नाही’ हे वाक्य सर्वांच्या तोंडी असते. परंतु त्याला का येत नाही, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्याने पैसे भरून वर्ग केलेला असतो, परीक्षा दिलेली असते, प्रमाणपत्र मिळविलेले असते. असे असूनही त्याच्या हाती पडते ते सुटे भाग बदलण्याचे आणि फॉरमॅट मारण्याचे कसब. दोष शोधण्याची विद्या त्याला दिली गेली नाही. आणि ती दिली न जाण्यात काहींचा उघड फायदा आहे. या देशातील संगणक-तंत्रज्ञांच्या शिक्षणाचा खरा प्रश्न हा आहे.

दोष शोधणे म्हणजे काय, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. वर सांगितलेल्या यंत्राचेच उदाहरण घ्यावे. संगणक आपोआप बंद पडून सुरू होण्याची कारणे अनेक असू शकतात. पॉवर सप्लायमधील कॅपॅसिटर फुगलेला असेल. प्रोसेसरवरील पंखा धुळीने अडला असेल आणि यंत्र तापत असेल. रॅमच्या संपर्कपट्ट्यांवर गंज चढला असेल. नव्याने घातलेल्या एखाद्या ड्रायव्हरमध्ये दोष असेल. व्हायरस शिरला असेल. किंवा दोष यंत्रात नसून भिंतीत असेल. यांतील काही कारणे ‘हार्डवेअर’ या सदरात मोडतात, काही ‘सॉफ्टवेअर’ या सदरात. पण ही वाटणी अभ्यासक्रमांच्या पुस्तिका लिहिणाऱ्यांनी केलेली आहे. दोषाला ती ठाऊक नसते. बाहेरून लक्षण एकच दिसते आणि कारण कोठेही दडलेले असते.

म्हणून खरा कारागीर प्रथम विचारतो: हे केव्हापासून होते? त्याआधी काय बदलले? यंत्र थंड असताना होते की तापल्यावर? दुसऱ्या सॉकेटवर लावले तर होते का? हार्ड डिस्क बाजूला ठेवून पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू केले तरीही होते का? या एका शेवटच्या चाचणीने शक्यतांचे क्षेत्र एकदम आक्रसते. अशा रीतीने तो एका वेळी एकच गोष्ट बदलतो, परिणाम पाहतो, नोंद करतो, आणि दोष सापडल्यावर तो खरोखर गेला की नाही याची खात्री करून घेतो. वैद्याचे निदान आणि शास्त्रज्ञाचा प्रयोग यांहून ही रीत वेगळ्या जातीची नाही. ती पाठ करून येत नाही. बिघडलेल्या यंत्रांशी, जाणत्या माणसाच्या नजरेखाली, महिनोन्‌महिने झटल्यानेच ती अंगी मुरते.

आता या विद्येसाठी देशात सोय काय आहे ते पाहावे. महाराष्ट्रात २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि त्याच्या एम.एस.-सी.आय.टी. या अभ्यासक्रमाने खेड्यापाड्यांतील लक्षावधी लोकांना संगणकासमोर बसविले. ही गोष्ट लहान नाही. परंतु तो अभ्यासक्रम संगणक वापरण्याचा आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत ‘कोपा’ या नावाने ओळखला जाणारा एक वर्षाचा व्यवसाय-अभ्यासक्रमही मुख्यतः चालकाचाच आहे. संगणकाच्या देखभालीची स्वतंत्र शाखा कागदोपत्री आहे. पण यंत्र चालविणारे घडविण्यावर जितका भर आहे त्याच्या पासंगालाही ती पुरत नाही. देशात आज सुमारे पंधरा हजार औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत व त्यांतील बहुसंख्य खाजगी आहेत. कार्यशाळेची जागा, अवजारे, सुटे भाग आणि अनुभवी निदेशक यांवर खर्च करण्यापेक्षा फळ्यावर आकृती काढून भागविणे कोणत्याही नफेखोर संस्थेला परवडणारच.

राहिला अल्पमुदतीचा मार्ग. २०१५ साली प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना मोठ्या गाजावाजाने सुरू झाली. काही शे तासांत तरुणाला ‘कुशल’ करून सोडण्याची तिची प्रतिज्ञा होती. संगणक व त्याची जोड-उपकरणे दुरुस्त करणारा ‘फील्ड टेक्निशियन’ हाही तीत बसविण्यात आला. प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेला पैसे मिळणार ते डोक्यांच्या संख्येवर. मग डोक्यात काय उतरले याची चिंता कोण करणार? क्षेत्र-कौशल्य परिषदांच्या कारभाराची तपासणी करण्यासाठी सरकारनेच नेमलेल्या शारदा प्रसाद समितीने २०१६ साली त्या परिषदांवर आणि त्यांतील हितसंबंधांच्या गुंत्यावर कठोर ताशेरे ओढले. तरी गाडी त्याच रुळावरून धावत राहिली. डिसेंबर २०२५ मध्ये महालेखापरीक्षकांचा अहवाल संसदेपुढे आला तेव्हा बहुसंख्य प्रशिक्षणार्थींच्या बँक-खात्यांच्या रकान्यांत कोऱ्या वा निरर्थक नोंदी असल्याचे देशाला कळले. ज्या योजनेला आपला विद्यार्थी कोण हेही धड सांगता येत नाही, ती त्याला काय शिकविणार?

परंतु सगळा दोष सरकारी ढिलाईवर टाकून मोकळे होणे म्हणजे अर्धेच निदान करणे होय. या अज्ञानाची मुळे बाजारात आहेत. यंत्र बनविणाऱ्या बड्या कंपन्या आपल्या बोर्डांचे मंडल-आराखडे बाहेर देत नाहीत. दोष शोधण्याची विशेष सॉफ्टवेअरे त्या फक्त ‘अधिकृत’ केंद्रांना देतात. सुटा भाग मागितला तर पुष्कळदा संपूर्ण जोडणीच घ्यावी लागते. पूर्वी सहज काढता-घालता येणारी रॅम अनेक लॅपटॉपांत बोर्डावरच सोल्डर केलेली असते. बॅटरी डिंकाने चिकटविलेली असते. दोन-चार रुपयांचा कॅपॅसिटर गेला तर हजारो रुपयांचा बोर्ड बदलावा, अशी ही रचना आहे. अशा कंपनीला विचार करणारा तंत्रज्ञ नकोच असतो. तिला हवा असतो तो बोर्ड पोचविणारा आणि जुना बोर्ड परत नेणारा हमाल. त्याच्या गळ्यात ओळखपत्र अडकवून त्याला ‘इंजिनिअर’ म्हटले म्हणजे काम भागते.

त्याच्या मजुरीची व्यवस्थाही त्याला साजेशीच आहे. मूळ कंपनी, तिचे सेवाकेंद्र, त्याचा उपकंत्राटदार अशा उतरंडीच्या तळाशी हा तरुण असतो. पुष्कळ ठिकाणी त्याला दर ‘कॉल’मागे पैसे मिळतात, मोटारसायकल त्याची, पेट्रोलही बहुधा त्याचेच. दोष शोधण्यासाठी तो दोन तास एका यंत्रापाशी बसला तर त्याची त्या दिवसाची कमाई बुडते. फॉरमॅट मारला तर अर्ध्या तासात पुढच्या कॉलला जाता येते. म्हणजे जो विचार करील तो उपाशी राहील आणि जो भाग बदलील तो जगेल, असा या व्यवस्थेचा नियम आहे. सरकारी निविदांत सर्वांत कमी बोलीला कंत्राट देण्याची रूढी या नियमावर शिक्कामोर्तब करते.

हे सारे अटळच होते, असे सांगितले जाते. इतिहास मात्र वेगळी साक्ष देतो. साठ-सत्तरच्या दशकांत भारतातील संगणकांवर आय.बी.एम. या अमेरिकन कंपनीचे वर्चस्व होते. इतरत्र जुनी ठरलेली १४०१ जातीची यंत्रे ती येथे नीटनेटकी करून भाड्याने देत असे. यंत्र तिचे, भाडे तिचे आणि दुरुस्तीचे ज्ञानही तिचेच. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याप्रमाणे परकीय भागभांडवल कमी करण्याचा आग्रह जनता सरकारने धरला, तेव्हा उद्योगखाते जॉर्ज फर्नांडिस यांच्याकडे होते. कंपनीने ते मान्य न करता १९७८ साली देश सोडला. आता देशातील संगणक बंद पडणार, अशी भीती त्या वेळी पुष्कळांनी घातली होती.

ते बंद पडले नाहीत. कारण १९७५ च्या डिसेंबरात ‘कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन’ ही सार्वजनिक संस्था उभी राहिली होती. ती आणीबाणीच्या राजवटीत जन्मली, हेही प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. लोकोपयोगी संस्था कोणत्या राजवटीत जन्मली यावरून तिचे मोल ठरत नाही. आय.बी.एम.च्या यंत्रांची देखभाल या संस्थेने अंगावर घेतली. पूर्वी त्या कंपनीत असलेले अनेक अभियंते तिच्यात आले. त्यांच्याबरोबर नवे शिकले, आणि निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे एकाच संस्थेचे तंत्रज्ञ सांभाळू लागले. दुसऱ्याच्या यंत्राचे पोट उघडून त्याचे मर्म जाणण्याची सवय लागलेल्या माणसांना पुढे नवे रचण्याचेही धाडस झाले; ऐंशीच्या दशकात दिल्लीतील रेल्वे-आरक्षणाची संगणकव्यवस्था याच संस्थेने उभारली. दुरुस्ती हे निर्मितीचे पहिले विद्यालय असते, याचा याहून उघड पुरावा कोणता हवा? आणि मग काय झाले? २००१ साली सरकारने संस्थेतील ५१ टक्के वाटा टाटा समूहाला विकला. २०१५ साली ती टी.सी.एस.मध्ये विलीन झाली. देखभालीची सार्वजनिक विद्या म्हणून काही जपावयाचे असते, हा विचारही तिच्याबरोबर विकला गेला.

यावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा की, तंत्रज्ञान इतक्या झपाट्याने बदलते की आज शिकविलेले उद्या निरुपयोगी ठरते. ज्याला केवळ पडद्यावरील बटणांची जागा शिकविली आहे त्याच्या बाबतीत हे खरे आहे. परंतु विद्युतदाब मोजणे, संकेत कोठपर्यंत पोचतो आणि कोठे हरवतो हे पाहणे, यंत्र सुरू होताना कोणत्या क्रमाने काय तपासते हे जाणणे, लक्षणावरून कारणाकडे जाणे, या गोष्टी दर वर्षी बदलत नाहीत. उलट, यंत्र जितके झपाट्याने बदलते तितकी तत्त्वाची गरज अधिक असते. वेगाचे कारण सांगून तत्त्व वगळणे ही शुद्ध लबाडी आहे.

दुसरा आक्षेप असा की, दुरुस्तीपेक्षा नवे घेणे स्वस्त पडते. कोणाला स्वस्त पडते? मुंबईचा लॅमिंग्टन रस्ता किंवा पुण्याची तपकीर गल्ली येथे एक फेरी मारावी. हाताच्या रुंदीच्या टेबलावर भिंगाखाली बोर्ड ठेवून कसलेली माणसे नेमकी जळालेली चिप काढून दुसरी बसविताना तेथे दिसतील. हा व्यवहार परवडतो म्हणूनच चालतो. ही माणसे बहुधा कोणत्याही महाविद्यालयात घडलेली नाहीत. उस्तादाच्या हाताखाली, चुका करीत ती शिकली. त्यांच्या कौशल्याला प्रणाम केला तरी त्या पद्धतीचे दोष झाकता येत नाहीत. तेथे शिकाऊ पोराला वर्षानुवर्षे चहा आणावा लागतो. सोल्डरिंगच्या धुरापासून संरक्षण नाही. मुलींना त्या गल्लीत प्रवेश जवळपास नाहीच. आणि इतके शिकूनही हाती प्रमाणपत्र नाही. ज्याला विद्या आहे त्याला प्रमाणपत्र नाही आणि ज्याला प्रमाणपत्र आहे त्याला विद्या नाही, ही या क्षेत्राची आजची स्थिती आहे.

या स्थितीचे मूळ भारतीय समाजात फार खोल गेलेले आहे. हाताने काम करणारा विचार करीत नाही आणि विचार करणाऱ्याने हात मळवू नयेत, ही जातिव्यवस्थेची शिकवण संगणकाच्या युगातही सुखाने नांदत आहे. सॉफ्टवेअरवाला वातानुकूलित इमारतीत बसणारा ‘साहेब’ आणि हार्डवेअरवाला मागच्या दाराने येणारा कारागीर, ही वाटणी यंत्राच्या गरजेतून आलेली नाही. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन केले तेव्हा प्राथमिक शाळेत शेतीचे ज्ञानही द्यावे अशी मागणी केली होती. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली ती हस्तोद्योगाला शिक्षणाचे माध्यम मानूनच. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू करून, शाळेत न रमलेली मुलेही प्रत्यक्ष कामातून विज्ञान शिकतात हे दाखवून दिले. केरळात २०१८ पासून सरकारी शाळांतील मुलामुलींचे ‘लिट्ल काइट्स’ गट हार्डवेअरसह संगणकाची निरनिराळी अंगे हाताळत आहेत. म्हणजे वाट ठाऊक नाही असे नाही. तिच्यावरून चालण्याची इच्छा नाही.

डाव्या चळवळीनेही येथे आपली चूक कबूल केली पाहिजे. संगणक येऊ लागले तेव्हा कामगार संघटनांनी नोकऱ्या जातील म्हणून विरोध केला, आणि ती भीती निराधार नव्हती. १९८३ साली बँक-कर्मचाऱ्यांच्या संघटनांचा व्यवस्थापनांशी यांत्रिकीकरणाविषयी करार झाला. परंतु त्या काळातील वाद मुख्यतः यंत्र यावे की न यावे आणि आल्यास किती यावीत याभोवती फिरला. आलेल्या यंत्राचे ज्ञान कोणाच्या ताब्यात राहील, हा त्याहून मूलगामी प्रश्न मागे पडला. यंत्राची मालकी कागदावर कोणाचीही असो. ज्याला ते उघडता येते, समजते आणि पुन्हा चालू करता येते, त्याच्या हाती त्याची खरी मालकी असते.

हा प्रश्न आता लांबणीवर टाकण्यासारखा राहिलेला नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार थांबविला. विंडोज ११ साठी टी.पी.एम. २.० ही सुरक्षा-सोय आणि ठराविक प्रोसेसर लागतात. म्हणून धडधाकट असलेली असंख्य यंत्रे एका परदेशी कंपनीच्या फर्मानाने म्हातारी ठरली. शाळा आणि ग्रामपंचायती ती भंगारात काढणार काय? जाणता तंत्रज्ञ अशा यंत्रात एस.एस.डी. बसवील, रॅम वाढवील आणि लिनक्सची एखादी मुक्त प्रणाली घालून ते आणखी काही वर्षे चालवील. सी-डॅकने भारतीय भाषांसाठी तयार केलेली ‘बॉस’ ही प्रणालीही त्याच जातीची आहे. परंतु हे करणारा माणूस तालुक्यात हवा. तो नसेल तर निर्णय विक्रेताच घेईल, आणि बिल जनता भरील.

म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. प्रत्येक जिल्ह्यातील किमान एका शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत संगणक-दुरुस्तीचा पूर्ण दोन वर्षांचा अभ्यासक्रम असावा. हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर असे त्याचे तुकडे पाडू नयेत. त्याच्या कार्यशाळेत जिल्ह्यातील शाळांची व कचेऱ्यांची खरोखरच बिघडलेली यंत्रे यावीत. परीक्षा अज्ञात दोष असलेल्या यंत्रावर व्हावी, आणि गुण भाग बदलण्याला नव्हे तर कारण सिद्ध करण्याला मिळावेत. बाजारातील उस्तादांना, पदवीची अट न घालता, निदेशक म्हणून मानाने बोलवावे आणि त्यांच्या कौशल्याची परीक्षा घेऊन त्यांनाही प्रमाणपत्र द्यावे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली तीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनी अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घेणे बंधनकारक आहे. संगणक-सेवेच्या कंपन्यांकडून ते काटेकोरपणे करून घ्यावे, आणि शिकाऊ म्हणजे फुकटचा हमाल नव्हे हे त्यांना समजवावे.

याबरोबरच, २०२२ साली केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस एक संकेतस्थळही सुरू केले. संकेतस्थळावर ग्राहकाला पत्ते मिळतात. कारागिराला आराखडा मिळत नाही. सरकार स्वतः या देशातील संगणकांचे फार मोठे गिऱ्हाईक आहे. जी कंपनी मंडल-आराखडे, दोष-निदानाची साधने आणि सुटे भाग खुले करणार नाही तिचे यंत्र सरकार घेणार नाही, एवढी एक अट निविदेत घातली तरी पुष्कळ कुलुपे आपोआप उघडतील. आणि देखभालीच्या कंत्राटात दर कॉलमागे मजुरी देण्याची पद्धत बंद करून तंत्रज्ञाला मासिक वेतन देण्याची अट घातली, तर त्याला विचार करावयास वेळ मिळेल.

यांतील एकही मागणी क्रांतीची वाट पाहणारी नाही; राज्यकर्त्यांनी मनावर घेतले तर एका अंदाजपत्रकात त्यांची सुरुवात होऊ शकते. ती झाली तर तालुक्याच्या कचेरीत मोटारसायकलवरून येणारा तो तरुण पिशवीतून प्रथम मल्टीमीटर काढील. नोंदींची प्रत करून ठेवील. सॉकेटपासून सुरुवात करील, आणि सैल झालेली तार पहिल्याच दिवशी आवळून रांग पुढे सरकवील. त्याच्या बोटांत ही ताकद आजही आहे. ती त्याच्यापासून लपवून ठेवणाऱ्यांना जाब विचारण्याचे काम मात्र त्या रांगेत उभ्या असलेल्या जनतेचे आहे.